जबलपूरचा फलाट आणि ई-मेलचे द्वार

जबलपूरच्या रेल्वे स्थानकाने दोन प्रकारच्या भेटी पाहिल्या आहेत. १८७० च्या मार्च महिन्यात मुंबईकडून आलेला जी. आय. पी. रेल्वेचा मार्ग आणि कलकत्त्याकडून आलेला ईस्ट इंडियन रेल्वेचा मार्ग येथे एकत्र मिळाले. कंपन्या दोन, पण रुळांमधील अंतर साडेपाच फुटांचेच. त्यामुळे डबे इकडून तिकडे सहज जाऊ शकत. पुढे १९०५ च्या सुमारास गोंदियाहून सातपुड्याच्या रानातून बंगाल-नागपूर रेल्वेचा मार्ग आला, तो मात्र अवघ्या अडीच फुटांचा. त्या छोट्या गाडीचा डबा मोठ्या रुळांवर चढेना. मग माल उतरवायचा, मोजायचा आणि दुसऱ्या डब्यात भरायचा. विदर्भातून येणाऱ्या प्रवाशालाही वळकटी उचलून गाडी बदलणे चुकत नसे. २०१५ साली जबलपूरची ही छोटी गाडी थांबली आणि तिच्या मार्गावर रुंद रूळ आले.

कचेऱ्यांच्या ई-मेलची कथा काहीशी अशीच आहे. आज कोणाचेही पत्र कोणालाही क्षणात पोचते, म्हणून ही सोय मुळापासूनच होती असे आपण समजतो. वस्तुस्थिती निराळी आहे. १९८० नंतरच्या दशकात मोठ्या संगणकांवर आय. बी. एम. ची ‘प्रॉफ्स’ ही पद्धत होती, तर टेबलावरच्या छोट्या संगणकांवर ‘सीसी-मेल’ किंवा ‘मायक्रोसॉफ्ट मेल’. दूरसंचार खात्यांच्या जागतिक संघटनेने १९८४ साली ‘एक्स-४००’ हे प्रमाण ठरविले, आणि विद्यापीठांनी १९८२ सालचा साधासुधा ‘एसएमटीपी’ हा नियम जवळ केला. यांतील एकीचे पत्र दुसरीला वाचता येत नसे. मुख्य कचेरीत एक पद्धत आणि शाखेत दुसरी असली, की पत्र कागदावर छापून पलीकडे पुन्हा टंकलिखित करावे लागे!

यावर उपाय म्हणून ‘गेटवे’ आले. गेटवे म्हणजे दोन्ही घरांत एकेक पाय ठेवून उभा असलेला संगणक. एका बाजूचे पत्र घ्यावयाचे, त्याचा लिफाफा उघडावयाचा, पत्ता दुसऱ्या रीतीने लिहावयाचा आणि पुढे पाठवावयाचे, हे त्याचे काम. एक्स-४०० च्या पत्त्यात नाव, संस्था, सेवा आणि देश यांचे वेगवेगळे रकाने असत. एसएमटीपीचा पत्ता एका ओळीचा. या दोहोंचा मेळ घालणारा तक्ता गेटवेजवळ असे, आणि तो कोणी अद्ययावत ठेवला नाही तर बदली झालेल्या कारकुनाची पत्रे जुन्याच टेबलाकडे जात राहत.

पण खरी कसोटी मजकुराची होती, आणि मराठी वाचकाने येथे विशेष लक्ष द्यावे. एसएमटीपीची वाहिनी मुळात प्रत्येक अक्षरामागे सातच अंक वाहून नेण्याची हमी देई. इंग्रजीला तेवढे पुरतात. १९९१ साली प्रमाणित झालेल्या ‘इस्की’ संकेतातील देवनागरी अक्षरांना आठवा अंक लागतो. वाटेतल्या एखाद्या यंत्राने तो आठवा अंक गाळला की ‘क’ चा इंग्रजी तीनचा आकडा होई आणि ‘ख’ चा चार. पत्रात खरोखरचे आकडे असतील, तर मूळ तीन कोणता आणि ‘क’ चा झालेला तीन कोणता, हे सांगणार कोण? १९९२ साली ‘माइम’ हे प्रमाण आले. त्यातील एका रीतीने आठ अंकी मजकुराच्या तीन तीन घटकांऐवजी चार चार साधी अक्षरे पाठवितात. पत्र एकतृतीयांशाने फुगते, पण सुखरूप पोचते.

आपल्या देशात १९८६ साली सुरू झालेल्या ‘एर्नेट’ या शैक्षणिक जाळ्याचे जगाकडे उघडणारे द्वार मुंबईच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी या संस्थेत होते. आरंभी पत्रे साठवून टेलिफोनवरून पाठवीत. १९८९ साली अमेरिकेशी कायमची तार जोडली गेली, तिचा वेग सेकंदाला ९,६०० अंक, म्हणजे सुमारे बाराशे अक्षरे. एवढ्याशा वाटेवर एखादे पत्र दोन यंत्रांमध्ये येरझाऱ्या घालू लागले तर काय होईल, याची कल्पना करावी. तसे घडतही असे. दोन्हीकडील अधिकारी रजेवर, दोन्ही यंत्रे ‘साहेब रजेवर आहेत’ असे एकमेकांस उत्तर देत बसलेली! एकच पत्र फिरत राहिले तर त्यावरील वाटेतल्या टप्प्यांच्या नोंदी मोजून ठरावीक संख्येनंतर ते परत करण्याची सोय असते. पण प्रत्येक उत्तर हे नवे पत्र असल्यामुळे या संवादापुढे ती निरुपयोगी ठरे.

कालांतराने एसएमटीपी हाच सर्वांचा रुंद मार्ग झाला आणि बहुतेक जुने गेटवे निवृत्त झाले. तरी एक जागा अजून अरुंद आहे. पत्ताच देवनागरीत लिहिता यावा, यासाठीचे प्रमाण २०१२ साली निघाले आणि २०१४ पासून ‘.भारत’ या नावाखाली देवनागरी नावेही नोंदविता येतात. मात्र वाटेवरील एका जरी यंत्राला ते प्रमाण अवगत नसेल, तर असे पत्र तेथूनच परत फिरते. म्हणून मराठी पत्ता घेणारे गृहस्थ आजही रोमन अक्षरांतला दुसरा पत्ता जवळ बाळगतात.