आडवे शब्द, उभे शब्द

भिवंडी हे यंत्रमागांचे शहर म्हणून प्रसिद्ध आहे. मागावर उभे धागे ताणलेले असतात. त्यांना ताणा म्हणतात. त्यांतून आडवे धागे जातात. त्यांना बाणा म्हणतात. उर्दूतला ताना-बाना तो हाच! हे धागे एकमेकांना घट्ट धरून ठेवतात, म्हणून कापड तयार होते. मराठी वर्तमानपत्रातले शब्दकोडेही असेच विणलेले असते.

असे पहिले कोडे २१ डिसेंबर १९१३ रोजी अमेरिकेतील ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीत छापून आले. ते आर्थर विन या पत्रकाराने तयार केले होते. त्याचा आकार शंकरपाळ्यासारखा होता. पुढे हा खेळ अनेक भाषांत पोहोचला.

शब्दकोड्यात पांढरे आणि काळे चौकोन असतात. काही पांढऱ्या चौकोनांत अंक असतात. त्या अंकापासून शब्द सुरू होतो आणि काळा चौकोन आला की संपतो. शब्द ओळखण्यासाठी ‘आडवे शब्द’ आणि ‘उभे शब्द’ अशा दोन याद्यांत सूचना दिलेल्या असतात.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. ‘वकील’ हा शब्द उर्दूत लिहिताना वाव, काफ, ये आणि लाम अशी चार अक्षरे लागतात. मराठी कोड्यात व, की, ल असे तीनच चौकोन पुरतात. काना, मात्रा, वेलांटी अक्षराबरोबर त्याच चौकोनात बसतात. जोडाक्षरालाही एकच चौकोन लागतो.

आता एक उदाहरण पाहा. आडवा शब्द : ‘मुले शाळेत पुस्तके यात नेतात’, चौकोन तीन. तुम्ही म्हणाल, ‘पिशवी’. पण तिसऱ्या चौकोनातून एक उभा शब्द सुरू होतो : ‘यावरून गाड्या धावतात’, चौकोन दोन. उत्तर ‘रस्ता’. म्हणजे आडव्या शब्दाचे शेवटचे अक्षर ‘र’ हवे. मग ‘पिशवी’ चालणार नाही. उत्तर आहे ‘दप्तर’!

उर्दूत दफ्तर म्हणजे कार्यालय, तर मराठीत मुले दप्तर पाठीवर घेऊन शाळेत जातात. महाराष्ट्रात अनेक शतके दरबारी कामकाजात फार्सी भाषा वापरली जात होती. त्यामुळे दुकान, जमीन, अर्ज, वकील असे कितीतरी शब्द मराठीत रुळले. ते तुमच्या ओळखीचेच आहेत. मात्र काहींचे अर्थ मराठीत येऊन बदलले. म्हणून ओळखीचा शब्द दिसला तरी सूचना नीट वाचा.

एखादा शब्द अडला, तर तिथेच थांबू नका. त्याला छेदणारे शब्द आधी भरा. पेन्सिल वापरा, म्हणजे चुकलेले अक्षर खोडता येईल. उत्तरे पुढच्या अंकात पाहा आणि नवे शब्द वहीत लिहून ठेवा.

आता हे कोडे तुम्ही सोडवा : ‘प्रयत्नांची ही केली, तर यश दूर राहत नाही’. चौकोन तीन, पहिले अक्षर ‘शि’, शेवटचे जोडाक्षर. उर्दूत याच शब्दाचा अर्थ ‘हार’ असा होतो. मराठीत मात्र हार न मानणाराच ती करतो!