सॉकेट बदलताय? आधी हे वाचा

गीझरचं सॉकेट काळवंडलं, पिन सैल बसू लागली, की आपण जवळच्या इलेक्ट्रिकच्या दुकानातून नवं सॉकेट आणतो आणि दुकानदाराने सुचवलेल्या मुलाकडून बसवून घेतो. एवढ्याशा कामाला परवाना कशाला, असं वाटणं साहजिक आहे. पण त्याचेही नियम आहेत आणि ते आपल्या जिवासाठीच आहेत.

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षाविषयक विनियम देशभर लागू आहेत. २०१०चे विनियम जाऊन २०२३ मध्ये नवे आले. त्यांनुसार घरातलं वायरिंगचं काम, मग ते नवं असो, वाढीव असो की दुरुस्तीचं, राज्य सरकारचा परवाना असलेल्या विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्यावं लागतं. देखरेखीलाही सक्षमता प्रमाणपत्र असलेली व्यक्ती लागते. दिवे, पंखे, फ्यूज, स्विच, घरगुती उपकरणं आणि फिटिंग बदलायला सूट आहे; मात्र त्यामुळे जोडणीची क्षमता किंवा स्वरूप बदलता कामा नये.

म्हणजे ६ अँपिअरच्या खराब सॉकेटच्या जागी तसंच नवं बसवलं, तर ठेकेदार लागत नाही. तिथेच गीझरसाठी १६ अँपिअरचं बसवलं, की सूट संपली. २ किलोवॅटचा गीझर २३० व्होल्टवर जवळपास ९ अँपिअर वीज ओढतो. सॉकेट मोठं झालं तरी भिंतीतली वायर दिव्या-पंख्याचीच राहते. बाहेरून प्लेट नवीकोरी दिसते, आत वायर तापत राहते. गीझरला त्याच्या भाराला पुरेल अशी जाड, स्वतंत्र वायर आणि स्वतंत्र एमसीबी हवा. वीजबिलावरचा ‘मंजूर भार’ही पाहा; तो पुरत नसेल तर वाढवून घ्या.

आता सॉकेटचं वरचं मोठं भोक. ते अर्थिंगचं. जुन्या घरांत कित्येकदा त्यामागे वायरच नसते. अशा वेळी काही जण न्यूट्रलचाच तुकडा तिथे जोडून देतात. गीझर चालतो, टेस्टरही काही दाखवत नाही. पण उद्या मागे कुठे न्यूट्रल तुटली, तर गीझरच्या धातूच्या अंगात थेट वीज उतरते. ही जोडणी कुणी सुचवली, तर काम तिथेच थांबवा.

एमसीबी आहे म्हणून निर्धास्त राहू नका. तो वायर वाचवतो, माणूस नाही. माणसाला शॉक बसतो तेव्हा अंगातून जाणारी वीज इतकी थोडी असते, की एमसीबीला तिचा पत्ताही लागत नाही. ती गळती ओळखतो आरसीसीबी. फेजमधून गेलेली आणि न्यूट्रलमधून परतलेली वीज तो सतत ताडून पाहतो. ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, की क्षणार्धात पुरवठा तोडतो. २ किलोवॅट आणि त्यावरच्या जोडण्यांना असं गळतीसंरक्षण विनियमांनी बंधनकारक केलं आहे. खरं तर ते प्रत्येक घरात हवं.

तेव्हा पुढच्या वेळी वायरिंगला हात लागणार असेल, तर ठेकेदाराकडे परवाना मागा, काम झाल्यावर चाचणी अहवाल मागा. यात संकोच नको. तो तुमचा हक्क आहे. आणि घरात आरसीसीबी असेल, तर आजच त्यावरचं ‘टी’ हे बटण दाबून पाहा. वीज गेली नाही, तर तो निकामी आहे. लगेच बदलून घ्या.