कळसूबाईवर बर्फ का पडत नाही?

कळसूबाईची उंची 1,646 मीटर. श्रीनगर शहर सुमारे 1,585 मीटरवर वसलं आहे. महाराष्ट्राचं सर्वांत उंच टोक श्रीनगरच्या रस्त्यांहूनही वर आहे, तरीही हिवाळ्यात गोठतं ते दल सरोवर. उटी आणि सिमला तर साधारण सारख्याच, 2,200 मीटरच्या आसपासच्या उंचीवर. सिमल्यात बर्फ पडतो, उटीत फार तर गवतावर पांढरे हिमकण दिसतात. डोंगर उंच म्हणजे बर्फ आलाच, हा आपला ठोकताळा म्हणूनच अपुरा आहे. हिमवर्षावासाठी थंडी आणि ओल एकाच वेळी, एकाच जागी यावी लागते.

सह्याद्रीत त्यांची गाठ पडत नाही. आंबोली, चोर्ला इथे पाऊस कोसळतो तो जून ते सप्टेंबरमध्ये, जानेवारीत बेळगावकडे येणारा वारा जमिनीवरून आलेला, कोरडा असतो. शिवाय आपल्याकडे हवेचं तापमान शून्यावर येतं ते साडेचार-पाच किलोमीटर उंचीवर, आणि पश्चिम घाटातलं सर्वोच्च अनाईमुडी 2,695 मीटरवरच थांबतं. काश्मीरात ऐन हिवाळ्यात पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येणाऱ्या वादळी प्रणाली, बाष्प घेऊन येतात, पर्वतांवर चढतात आणि गुलमर्गला बर्फाखाली गाडून टाकतात. तेच ढग पर्वतरांग ओलांडेपर्यंत रिते होतात. म्हणून 3,500 मीटरवरचं लेह गुलमर्गहून कितीतरी गारठलेलं, पण वर्षाचा पाऊस आणि बर्फ मिळून तिथे जेमतेम 100 मिलिमीटर पाणी पडतं. उलट जपानचा निगाता प्रांत समुद्रकाठचा, पण सायबेरियाचा वारा वाटेतल्या समुद्रावरून बाष्प उचलतो आणि तिथल्या डोंगरांवर बर्फाचे थर रचतो. थंडीचा आकडा आणि बर्फाची जाडी ही दोन वेगळी मोजमापं आहेत. ती एकमेकांच्या जागी वापरली की हवामानाचं चित्र चुकतं.

यावर कोणी म्हणेल, वळवात बेळगावला गारा पडतात, त्या कुठून येतात? वादळी ढगातला जोरदार वर चढणारा प्रवाह पाण्याचे थेंब त्या शून्य अंशाच्या पातळीपलीकडे नेतो. तिथे गार वाढते आणि वितळून संपायच्या आत जमिनीवर आदळते. वळवात या प्रवाहाला जोर मिळतो तो तापलेल्या जमिनीमुळे.

महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी दिसणारे हिमकण हा आक्षेप अधिक वजनदार आहे. पण ते आकाशातून पडलेले नसतात. निरभ्र रात्री जमीन आपली उष्णता अवकाशात सोडत राहते, ढगांची गोधडी नसल्याने ती परत येत नाही, आणि थंड, जड हवा उतारावरून खोलगट जागेत साचते. पानांवर, गाडीच्या टपावर पारा शून्याखाली जातो, तेव्हा वेधशाळेच्या पेटीतला, जमिनीपासून सव्वा मीटरवरचा तापमापक शून्याच्या चार-पाच अंश वरही असू शकतो. काश्मीरातही बर्फ पडणाऱ्या ढगाळ रात्रीपेक्षा नंतरची निरभ्र रात्र बहुधा अधिक गार असते. बेळगावच्या उद्यमबागेतलं काँक्रीट दिवसाची ऊब रात्री सोडत असतं, तेव्हा जवळच्या येळ्ळूरच्या उघड्या शिवारात गारठा अधिक असतो, तोही याच नियमाने. थंडीच्या बातमीत नुसता शहराचा आकडा देणं म्हणूनच पुरेसं नाही. स्ट्रॉबेरीचं पान करपतं ते त्या पानाजवळच्या थंडीने, आणि शेतकऱ्याला तोच आकडा हवा असतो.