आधी प्रश्न, मग यंत्र

जुन्या वस्तू विकत घेणारी माणसे दोन प्रकारची असतात. काही जण वस्तू उलटीपालटी करून, ठोकून-वाजवून पाहतात. काही जण मात्र ती पाहताक्षणीच तिच्या प्रेमात पडतात. मी दुसऱ्या प्रकारचा. काही वर्षांपूर्वी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून एक जुना स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर टॅक्सीत घालून घरी आणला, तेव्हा नव्या फ्रिजसाठी बाजूला ठेवलेले पैसे त्यात गेले होते. दारातच सौभाग्यवतींनी विचारले, ‘‘अहो, हे यंत्र सांगतं तरी काय?’’

मी उत्साहाने त्याची वारंवारतेची कक्षा सांगू लागलो. तिने हातानेच थांबवले. ‘‘ते कुठवर पाहतं, हे नाही विचारलं. तुम्हाला त्याला काय विचारायचंय?’’

माझ्याकडे उत्तर नव्हते. आज हौशी मंडळी ‘कोणता जुना अ‍ॅनालायझर घ्यावा’ असा सल्ला मागायला येतात, तेव्हा मी त्यांना हाच प्रश्न विचारतो.

मुळात हे यंत्र करते काय? तंबोऱ्याची खर्जाची तार छेडली की जाणत्या कानाला तीत गांधारही ऐकू येतो. तो कोणी लावलेला नसतो, म्हणून त्याला स्वयंभू गांधार म्हणतात. मैफलीत हे वरदान आहे, रेडिओच्या छंदात मात्र उपद्रव. परवानाधारक हॅम आपल्या संचावरून १४५ मेगाहर्ट्झवर बोलत असेल, तर त्याच्या दुपटीवर म्हणजे २९० वर आणि तिपटीवर म्हणजे ४३५ वरही थोडी शक्ती सांडत असते. २९० मेगाहर्ट्झवर बोलण्याची परवानगी आपल्याला कोणी दिलेली नाही. तिथे आपला आवाज उमटला, तर ते दुसऱ्याच्या अंगणात पाणी सोडण्यासारखेच आहे.

ऑसिलोस्कोप लहर काळानुसार रेखाटतो. मूळ लहरीत मिसळलेला हजारांश शक्तीचा उपस्वर त्यात डोळ्यांना दिसत नाही. स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर तीच लहर वारंवारतेनुसार सुटी करतो. पडद्यावर १४५ ला एक उंच सुई दिसते, २९० आणि ४३५ ला लहान सुया दिसतात. त्या किती लहान आहेत, ते डेसिबलमध्ये वाचता येते. मूळ सुईपेक्षा ३० डेसिबल खाली म्हणजे एक हजारांश, ६० खाली म्हणजे एक दशलक्षांश.

एकदा प्रश्न ठरला की कक्षाही ठरते. ७ मेगाहर्ट्झवर काम करणाऱ्याला दहावा उपस्वर पाहायचा झाला, तरी ७० मेगाहर्ट्झ पुरतात. १४५ वाल्याला तिपटीसाठी ४३५ लागतात. ४३५ वर बोलणाऱ्याला १३०५ लागतील. म्हणजे बहुतेक हौशी टेबलांचे काम दीड-पावणेदोन गिगाहर्ट्झच्या आतच भागते. वीस-बावीस गिगाहर्ट्झपर्यंत पाहणाऱ्या यंत्राचा मोह हा बहुधा शेजाऱ्याला दाखवण्यासाठी असतो.

आता पर्याय पाहू. ‘टायनी-एसए’ हे तळहातावर मावणारे यंत्र काही हजार रुपयांत नवे मिळते. त्याचे मूळ रूप १०० किलोहर्ट्झ ते ९६० मेगाहर्ट्झ एवढा पट्टा दोन इनपुटांतून पाहते. नवशिक्याने इथूनच सुरुवात करावी. दुसऱ्या टोकाला ह्यूलेट-पॅकार्डची ८५६८ सारखी दोन पेट्यांची जुनी यंत्रे आहेत. ती गुणवान असली तरी दोघांनी उचलावी लागतात आणि टेबल अडवून बसतात. मधला मार्ग म्हणजे त्याच कंपनीची ८५९० मालिका. १९९० च्या दशकातला ८५९१ई हा ९ किलोहर्ट्झ ते १.८ गिगाहर्ट्झ पाहतो आणि एका माणसाला उचलता येतो. कंपनीचा मापनयंत्रांचा व्यवसाय १९९९ मध्ये अ‍ॅजिलंटकडे आणि २०१४ मध्ये कीसाइटकडे गेला. तरी या यंत्रांची माहितीपुस्तके आजही सापडतात. दुरुस्तीची वेळ आली की त्यांचे मोल कळते.

माझ्यावर ती वेळ पहिल्याच आठवड्यात आली. हातातला पाच वॅटचा संच मी केबलने थेट अ‍ॅनालायझरला जोडला आणि बटण दाबले. इनपुटपाशी मर्यादा स्वच्छ लिहिलेली होती: एक वॅट. सुई क्षणभर वर उसळली आणि खाली आली, ती पुन्हा वर चढलीच नाही. मी ओरडलो, ‘‘मिक्सर जळला!’’ सौ. स्वयंपाकघरात धावली. तिचा मिक्सर शाबूत होता. जळला होता तो अ‍ॅनालायझरच्या दाराशीच बसणारा, अतिशय नाजूक असा पहिला मिक्सर.

तेव्हा यंत्राबरोबरच एक ४० डेसिबलचा, संचाची शक्ती पेलणारा अ‍ॅटेन्युएटर घ्या. तो शक्ती दहा हजार पटींनी कमी करतो. पाच वॅट आत गेले की जेमतेम अर्धा मिलिवॅट बाहेर पडतो.

माझ्यासारख्याच कोणा उतावळ्याने मिक्सर जाळलेले यंत्र तुमच्या गळ्यात पडू नये, म्हणून दुकानातच चार गोष्टी पाहून घ्या. यंत्र चालू करून अर्धा तास तापू द्या. शून्य वारंवारतेपाशी यंत्राची स्वतःची एक मोठी सुई दिसली पाहिजे. मग खरी परीक्षा. ८५९० मालिकेच्या यंत्रांच्या दर्शनी भागावर ३०० मेगाहर्ट्झ, उणे २० डीबीएम असा कॅलिब्रेशनचा सिग्नल मिळतो. तो छोट्या केबलने इनपुटला जोडा. सुई नेमक्या त्या जागी, नेमक्या त्या उंचीवर उभी राहिली पाहिजे. वीस-पंचवीस डेसिबल खाली दिसली, तर नमस्कार करून बाहेर पडा.

सुई ठीक दिसली तर आतला अ‍ॅटेन्युएटर दहा-दहा डेसिबलने वाढवा. सुई जागची हलता कामा नये, फक्त खालचे गवत, म्हणजे यंत्राचा स्वतःचा गोंगाट, दर पायरीला दहा डेसिबलने वर यावे. एखाद्या पायरीला सुई कोसळली, तर तो टप्पा निकामी झाला आहे. इनपुट ५० ओहमचे आहे का, हेही विचारा. केबल टीव्हीच्या कामातून निवृत्त झालेली काही यंत्रे ७५ ओहमची असतात. आतली बॅटरी कधी बदलली, याचीही चौकशी करा. ती संपली की साठवलेले दुरुस्तीचे आकडे पुसले जातात. ट्रॅकिंग जनरेटर बसवलेला असेल तर चार पैसे जास्त द्यायला हरकत नाही. घरी गुंडाळलेल्या कॉइलचा फिल्टर काय गाळतो आणि काय सोडतो, ते त्याने एका नजरेत कळते.

आणि पडद्यावर उपस्वर दिसला की लगेच स्वतःच्या संचाला दोष देऊ नका. जास्त शक्ती आत गेली की हे यंत्र स्वतःही उपस्वर जन्माला घालते. आतला अ‍ॅटेन्युएटर दहा डेसिबलने वाढवून पाहा. लहान सुई खाली गेली तर ती यंत्राची होती, तिथेच राहिली तर तुमची.

जळलेला मिक्सर पुढे बदलला. त्याला सहा महिने लागले आणि फ्रिज आणखी एक उन्हाळा लांबला. मग एका रविवारी, मध्ये अ‍ॅटेन्युएटर घालून, मी घरी बांधलेला ट्रान्समीटर जोडला. २९० ची सुई लाज वाटावी इतकी उंच होती. फिल्टरच्या कॉइलचे वेढे सुटे करत, आवळत मी संध्याकाळपर्यंत बसलो. सुई बुटकी होत होत शेवटी गवतात दिसेनाशी झाली.

सौ. चहा घेऊन आली. पडद्यावर १४५ ला एकच उंच सुई होती. ‘‘मग, काय सांगतंय यंत्र?’’ तिने विचारले.

‘‘आपला आवाज आपल्याच अंगणात आहे, म्हणतंय,’’ मी म्हणालो.

तिने पडद्याकडे क्षणभर पाहिले आणि चहाचा कप पेटीवर न ठेवता माझ्या हातात दिला.