राजा बसतो सायकलवर!

‘घाटाचा राजा’ ऐकून एखादा ऐतिहासिक सिनेमा डोळ्यांसमोर आला? थांबा बॉस, हा राजा घोड्यावर नाही, सायकलवर बसतो. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत खोपोलीहून बोरघाट चढून जो पहिला माथा गाठतो, त्याचा हा किताब. पुण्यात फिनिश लाइन आधी कोण ओलांडतं, तो हिशेब वेगळा. म्हणजे शर्यत एक, हिरो दोन!

या किताबाचा थोरला भाऊ युरोपात आहे, ‘किंग ऑफ द माउंटन्स’. टूर द फ्रान्समध्ये चढणीची अधिकृत वेगळी स्पर्धा १९३३ साली सुरू झाली आणि स्पेनचा व्हिसेन्ते ट्रुएबा तिचा पहिला विजेता ठरला. बिचारा माथ्यावर सगळ्यांच्या आधी पोचायचा, पण उतारावर बाकीचे त्याला गाठायचे. लाल ठिपक्यांची ती फेमस पांढरी जर्सी मात्र बरीच उशिरा, १९७५ मध्ये आली.

त्यांनी ‘डोंगर’ म्हटलं, आपण ‘घाट’. मला आपला शब्द जास्त आवडतो. मी पेणची. आमच्याकडे ‘घाटावर’ म्हणजे थेट देशावर. घाट हा नुसता डोंगर नाही, ती वर जायची वाट आहे. बोरघाटातलं शिंग्रोबाचं देऊळ तेच सांगतं. लोककथा अशी, की इंग्रजांना वाट सापडेना, तेव्हा शिंग्रोबा धनगराने ती दाखवली. आजही येणारे-जाणारे तिथे हात जोडतात.

पण चढणीलाच वेगळा मान का? सपाट रस्त्यावर पुढच्याच्या मागे चिकटून राहिलं की वारा तो खातो, आपली ताकद वाचते. चढावर वेग पडतो, तो आडोसा फारसा कामाला येत नाही. मग उरतात आपलं वजन, आपले पाय आणि आपला दम. पेण-खोपोलीच्या रस्त्यावर मी ग्रुपमध्ये मस्त गप्पा मारत जाते. घाट लागला की पाच मिनिटांत प्रत्येक जण एकटा असतो. कोण किती पाण्यात आहे, ते तिथे कळतं.

ऑफिसातही असे घाट येतातच की. टीमच्या मागे लपून सपाटीचे महिने निघतात. चढावर मात्र पॅडल ज्याचं त्यालाच मारावं लागतं. त्या घामाची नोंद शेवटच्या निकालात होईलच असं नाही. म्हणून तर कुणीतरी ती वेगळी करून ठेवली, आणि तिला राजाचं नाव दिलं.