बावीस निपलं

गिअरबॉक्सच्या जुन्या तेलाला गंधकासारखा कुजका वास असतो. दाजींच्या जीपखाली मी जरा वाकले, तर तो ओढणीला लागला आणि दोन धुण्यांनंतरही गेला नाही. जीप विकायची की ठेवायची यावर घरात महिनाभर वाद चालला होता. शेवटी कोल्हापूरला उद्यमनगराजवळच्या गॅरेजात मीच जाऊन बसले.

गाडी महिंद्राची एमएम 540, 1989ची. 2112 सीसीचं प्यूजो डिझेल इंजिन, खाली कमानपाटे, वर कापडी हूड. मुंबईत 1947 पासून विलीज जीप जोडू लागले, त्याच घराण्यातली ही.

मिस्त्रींनी ग्रीसगन उचलली. "ताई, हिला बावीस निपलं हायती. एकबी चुकवायचं न्हाई."

तेल आणि फिल्टर अर्ध्या तासात बदलून झाले. ग्रीसिंगला मात्र अख्खी दुपार गेली. प्रत्येक निपल आधी चिंधीने पुसायचं, नाहीतर दाबाने माती आत जाते. मग जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन मागून नवं दिसेपर्यंत दांडा दाबत राहायचं. पाट्यांचे शॅकल, शाफ्टचे क्रॉस, स्टिअरिंगचे जॉइंट. गाईच्या अंगावरची गोचीड चाचपावी तसे मिस्त्री आडवे पडून बोटांनी निपल शोधत होते. पाट्याची एक पिन झिजलेली निघाली. पोरगा ती घेऊन पलीकडच्या लेथवर गेला आणि तासाभरात नवी करून आला. मला याचंच फार अप्रूप वाटतं. हिच्यातलं काही बिघडलं तर ते दिसतं, हाताला लागतं, शेजारच्या गल्लीत करून मिळतं.

गगनबावड्याकडच्या उसाच्या चिखलातून ट्रॅक्टरच्या खालोखाल हीच बाहेर येते. पण डांबरी रस्त्यावर फोर बाय फोर लावून चालत नाही. वळणावर पुढची नि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, मध्ये डिफरन्शिअल नाही, त्यामुळे सगळा पीळ शाफ्टला बसतो. ओढा ओलांडला की ओले ड्रम ब्रेक धरत नाहीत, हलके दाबत दाबत ते सुकवावे लागतात. एअरबॅग नाहीत. 15 वर्षं उलटल्यावर दर 5 वर्षांनी नोंदणीसाठी खर्च आणि हेलपाटे. माझ्या भाचीला हिच्यातून हायवेवर नेऊ नका, हे मी दाजींना तोंडावर सांगितलं.

तरी विकू नका, असंही सांगितलं. शेतापुरती ठेवा. बावीस निपलांना एक दुपार देणार असाल, तरच.

संध्याकाळी मी मोजदाद केली. एकवीस भरली. "मग एक ऱ्हायलं," म्हणत मिस्त्री पुन्हा खाली सरकले. पुढच्या शाफ्टच्या क्रॉसवर, दगड झालेल्या चिखलाखाली बाविसावं सापडलं. खरवडून गन लावली. आधी ग्रीस आत जाईचना. मग ताकासारखं पांढुरकं काहीतरी बाहेर आलं. आत पाणी शिरलं होतं.

"ह्याला कुणी हातच लावला न्हाई," मिस्त्री हळू म्हणाले.

दाजी काही बोलले नाहीत. बाह्या वर सारून ते खाली बसले आणि गनसाठी हात पुढे केला.