गंडादोरा नको, गोळी हवी, पण डोळसपणे

खोपोलीच्या लोकलने कर्जतला उतरले, की वेणगावच्या बाजूला श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशनचे केंद्र आहे. रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांवर तेथे उपचार होतात आणि सुधारणा झाली, की त्यांना घरी पोहोचवले जाते. डॉ. भरत व डॉ. स्मिता वाटवानी या दांपत्याला मुंबईत एक तरुण करवंटीने गटाराचे पाणी पिताना दिसला होता. उपचारानंतर कळले, की तो चांगल्या घरचा पदवीधर मुलगा! त्यातूनच १९८८ साली ही संस्था उभी राहिली. कर्जतचे केंद्र २००६ सालचे. २०१८ मध्ये डॉ. भरत वाटवानींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

तो तरुण काही रस्त्यावर जन्मला नव्हता. हा आजार बहुधा पंधरा ते पंचवीस या वयात, घरातच सुरू होतो. पोरगा एकटा बसतो, पुटपुटतो, झोपत नाही. डॉक्टर गोळ्या लिहून देतात आणि आईच्या मनात प्रश्न येतो, "या गोळ्यांनी पोराचा मेंदू तर मरणार नाही ना?" प्रश्न अडाणीपणाचा नाही. शास्त्रज्ञही तोच विचारीत आहेत.

गोळी काय करते?

मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप देतात. त्यांच्या एका निरोप्याचे नाव डोपामिन. कशाकडे लक्ष द्यावे, काय हवेसे वाटावे, हातपाय कसे हलावेत, यात त्याचा वाटा असतो. या आजारात मेंदूच्या एका भागात तो गरजेपेक्षा जास्त सुटतो. मग शेजाऱ्याचे साधे खोकणेही आपल्याच विरुद्धचा इशारा वाटते. कोणी नसताना आवाज ऐकू येतात.

हॅलोपेरिडॉल, रिस्पेरिडोन, ओलान्झापिन ही औषधे डोपामिन जिथे बसतो त्या जागा अडवतात. मोठ्या माणसांच्या तपासण्यांत दिसले, की शंभरातल्या साधारण ६५ ते ८० जागा अडल्या की गुण येतो. ८० च्या वर गेल्यास अंग ताठरणे, हात कापणे वाढते. तेव्हा जास्त डोस म्हणजे जास्त गुण, हा समज सोडून द्यावा.

वाढत्या मुलांचे वेगळे का?

विचार करणारा, स्वतःला आवरणारा कपाळामागचा मेंदू पंचविशीपर्यंत घडत असतो. डोपामिनच्या वाटाही तेव्हा तयार होत असतात. उंदरांच्या पिलांना ही औषधे दिली, तेव्हा मोठेपणीही त्यांच्या मेंदूतल्या डोपामिनच्या जागांत फरक राहिलेला दिसला. माणसाच्या मुलांत तसेच होते हे सिद्ध झालेले नाही. पण सावध राहायला एवढे पुरे. केवळ खोडकर आहे, झोपत नाही म्हणून मुलाला ही गोळी देऊ नये. मात्र आजार खरा असेल आणि तो महिनोन्‌महिने तसाच ठेवला, तर बरे होणे कठीण होते, हेही तितकेच खरे.

हे ओळखा

औषध सुरू झाल्यावर पहिल्या काही दिवसांत मुलाची मान एकीकडे वळते, डोळे वर जातात, जबडा आवळतो. लोक म्हणतात, "अंगात आले!" बंधूंनो, हे भूत नव्हे. डोपामिन अडल्याने स्नायू आखडले आहेत. तरुण मुलांत हे अधिक होते. ताबडतोब दवाखान्यात न्या. एका इंजेक्शनने आराम पडतो. भुताच्या नावाखाली बांधणे, मारणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

मुलींची पाळी थांबू शकते, छातीतून दूध येऊ शकते. डोपामिन एरवी दुधाच्या संप्रेरकाला आवरून धरतो. तो अडला की ते वाढते. अशा मुलीच्या चारित्र्यावर संशय घेऊ नका, डॉक्टरांना सांगा. मुलांचे वजनही झपाट्याने वाढते. म्हणून दर महिन्याला वजन करा आणि रक्तातली साखर वेळोवेळी तपासून घ्या.

आपण काय करावे?

डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा: आजार कोणता? सर्वांत कमी डोस किती? पुन्हा कधी दाखवायचे? विचारायला लाजू नका. आणि गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका; आजार उलटतो. कमी करायची तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली, हळूहळू.

काहीजण म्हणतात, आपण पंचशील पाळतो, मग नशेच्या गोळ्या कशा घ्यायच्या? ही नशा नव्हे, औषध आहे. उलट गांजाने कोवळ्या वयात हाच आजार बळावतो. पाचवे शील तिथे पाळावे.

सल्ल्यासाठी सरकारचा टेलि-मानस हा मोफत फोन आहे, क्रमांक १४४१६. जिल्हा रुग्णालय अलिबागला आहे. मानसिक आरोग्य कायदा २०१७ नुसार रुग्णाला साखळीने बांधण्यास मनाई आहे.

पती, मुले, आईवडील गमावून भान हरपलेली पटाचारा तथागतांपुढे आली, तेव्हा लोक तिला वेडी म्हणून हाकलत होते. तथागतांनी तिला येऊ दिले, भानावर आणले. कोणीतरी अंगावरचे वस्त्र तिला दिले. पुढे ती संघातली थोर थेरी झाली. आपल्या वस्तीतल्या आजारी पोराला, पोरीलाही आधी जवळ येऊ द्या. मग डॉक्टरांकडे न्या आणि गोळीबरोबर डोळेही उघडे ठेवा.